पहिलीच्या वर्गातला रंगांचा तास

पहिली-दुसरीच्या मुलांना ‘घराचं चित्र काढा’ म्हटलं की बहुतेक वर्गांत एकच चित्र येतं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, कौलारू झोपडी आणि नदी. चौथ्या मजल्यावर राहणारी मुलंही झोपडीच काढतात, कारण ती कुणीतरी फळ्यावर काढून दाखवलेली असते. त्याच मुलांना ‘काल रात्री घरी कोणकोण होतं, काय चाललं होतं?’ असं विचारून बघा. मग कागदावर गॅसवरचा कुकर येतो, खाटेवरची आजी येते, आणि भिंत असूनही आतलं सगळं दिसतं.

हे आरपार दिसणं चूक नव्हे. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ या पुस्तकात मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. सातव्या वर्षाच्या सुमारास कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते आणि माणसं, झाडं तिच्यावर उभी राहतात. त्याआधी सगळं कागदभर विखुरलेलं असतं. या वयाचं मूल डोळ्यांना दिसतं ते काढण्यापेक्षा त्याला ठाऊक असतं ते काढतं. म्हणून महत्त्वाचं माणूस मोठं होतं, बाकीचे त्याच्या गुडघ्याएवढे राहतात. छापील चित्रांत रंग भरायच्या पुस्तकांना लोवेनफेल्ड यांचा ठाम विरोध होता, आणि तो मला पूर्णपणे पटतो.

मग बाईंनी करायचं काय? माझ्या मते त्यांचं खरं काम तास सुरू होण्याआधीच असतं, सामानाच्या तयारीत. भेंडीचे ठसे हा साधा प्रकल्प घ्या. भेंड्या जून हव्यात; कोवळ्या भेंडीचा ठसा चेपतो. देठाकडून आडवी कापून ती फडक्याने टिपायची, नाहीतर चिकटपणामुळे रंग नीट लागत नाही. बशीत ओला स्पंज ठेवून त्यावर पोस्टर कलर दाटसर ओतायचा, शाईच्या पॅडसारखा. एका बशीत एकच रंग, आणि चार मुलांत एक बशी. पहिली दहा मिनिटं मुलं नुसते ठप्पे मारत सुटतात. मारू द्यावेत. त्यानंतर कुणीतरी एका ओळीत ठसे घ्यायला लागतं, कुणाला त्यात फूल सापडतं, एखादी मुलगी दोन रंगांची साडीची किनार करते. त्या क्षणी ‘असं कर’ म्हणणं फार सोपं असतं, आणि तेच टाळायचं असतं. मुलाच्या कागदावर मोठ्यांनी एकही रेघ ओढू नये. ‘हे काय आहे?’ऐवजी ‘मला सांग ना याबद्दल’ म्हटलं की मूल भडाभडा बोलतं.

मुलांना आपलं आपण काढू देण्याचा हा विचार आपल्याकडे रुजला तो वर्ध्याजवळ. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली सेवाग्रामला आले आणि नयी तालीम या शिक्षणपद्धतीच्या शाळेत कला शिकवू लागले. कलेला वेळापत्रकातला जोडविषय न मानता त्यांनी शिक्षणाचा पायाच मानलं. आज मात्र कलेचा तास गणिताला किंवा स्नेहसंमेलनाच्या तालमीला सर्रास दिला जातो, याचं वाईट वाटतं.

सामानाला पैसे नाहीत, ही अडचण खरी आहे. पण माती फुकट मिळते. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेच्या आवारात वर्गाचा किल्ला करता येतो. विटा, दगड आणि गोणपाट यांचा सांगाडा, वर मातीचा लेप, तटबंदी मुलांच्या मनासारखी. हिरवळीसाठी मोहरी किंवा अळीव पेरायचे. ते उगवून हिरवे दिसायला चार-पाच दिवस लागतात, तेव्हा सुट्टी लागायच्या आठवडाभर आधी काम सुरू करावं.