गोळी सुटल्यानंतर

कुंडलिकेच्या काठी, जुन्या जालन्यातल्या एखाद्या वाड्यात रात्री दरोडेखोर शिरले, घरधन्याने परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली आणि एक जण कोसळला, असे क्षणभर धरून चालू. पुढे काय?

कायदा आपल्या बाजूने आहे, असे पुष्कळ जण म्हणतात. ते बरेचसे खरे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील ३४ ते ४४ ही कलमे खासगी बचावाच्या हक्काची आहेत. जुन्या दंड संहितेत तीच ९६ ते १०६ होती. जिवावर बेतले असेल, जबरी चोरी किंवा रात्रीची घरफोडी चालू असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी हा हक्क लागू पडू शकतो. पण तो हाती काही न घेता पळत सुटला आणि पाठीत गोळी घातली, तर त्याला बचाव म्हणणे अवघड.

आता बंदूक मुलाबाळांच्या हाती लागणार नाही अशी बाजूला ठेवावी. ती पुसू नये, साफ करू नये. ११२ ला फोन करावा आणि १०८ ची रुग्णवाहिकाही मागवावी. चोराला कशाला दवाखाना, असे घरचे म्हणतील. तो वाचला तर तुमच्यावर मनुष्यवधाचा खटला उभा राहत नाही, हे त्यांना सांगा. आधी पोलीस, मग उपचार, असे डॉक्टरांना म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात ते स्पष्ट केले आहे.

आपल्याकडे रक्त दिसले की कोणीतरी लगेच बादली घेऊन फरशी धुवायला लागते. तसे करू नका. तुटलेली कडी, पडलेला कोयता, रिकामे काडतूस हाच तुमचा पुरावा, आणि तोच मोरीतून वाहून जातो.

कदीम जालना ठाण्याचे पोलीस आले (कदीम म्हणजे जुनाच), की नाव, घडले ते थोडक्यात, हल्लेखोराच्या हातातले शस्त्र आणि साक्षीदार सांगावेत. ऐकीव किंवा अंदाजाचे बोलू नये. सविस्तर जबाबाआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. अटक झालीच तर वकील हा राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने दिलेला हक्क आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागावा. बंदूक जप्त होईल, परवानाही निलंबित होऊ शकतो.

न्यायालयात बचावाची बाजू आरोपीलाच मांडावी लागते. मात्र ती संभाव्य वाटली तरी पुरते. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात, वडिलांवर वार झाल्यावर गोळी झाडणाऱ्या मुलाला सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. तेव्हा तुम्हाला खरचटले, मुका मार लागला, तर त्याच रात्री सरकारी रुग्णालयात नोंद करून घ्या. मुक्या माराचा वळ चार दिवसांत उतरतो.