पवनीच्या पाहुण्यांसाठी फुकट वर्तमानपत्र

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातली सकाळची सफारी दहा-अकराच्या सुमारास आटोपते. दुपारची तीनच्या आसपास सुरू होते. मधल्या चार तासांत नागपूरहून आलेला पर्यटक काय करतो? बहुतेक वेळा गाडी वळवतो, निलज फाटा गाठतो आणि उमरेडच्या वाटेला लागतो. पाच-सात जणांचं कुटुंब पवनीच्या वेशीपर्यंत येऊन पवनी न बघताच परततं. जेवणही बाहेरच होतं. गावात बघण्यासारखं काही नाही म्हणून हे घडत असतं, तर गोष्ट वेगळी. पण इथे काय काय आहे, हे पाहुण्याला कुणी सांगतच नाही.

हे सांगायचं काम चार पानांचं एक फुकट वर्तमानपत्र करू शकतं.

जुनीच कल्पना

पाहुण्यांसाठी काही छापायचं, ही कल्पना नवी नाही. युरोपात कार्ल्सबादसारख्या आरोग्यस्थळी अठराव्या शतकाच्या अखेरीसच आलेल्या पाहुण्यांच्या याद्या छापल्या जात. इंग्लंडच्या किनाऱ्यावर १८४४ साली ‘साउथपोर्ट व्हिजिटर’ निघालं. गावात कोण उतरलंय आणि कुठे, हे त्यात छापून येई. ही पत्रं फुकट नव्हती. लोक ती विकत घेत.

फुकट दैनिकाचं गणित जगाला दाखवलं ते १९९५ साली स्टॉकहोममध्ये सुरू झालेल्या ‘मेट्रो’ने. वाचकाकडून दमडी घ्यायची नाही, सगळा खर्च जाहिरातींवर काढायचा आणि अंक भुयारी रेल्वेच्या स्थानकांतच ठेवायचे. खरी चलाखी या शेवटच्या गोष्टीत होती. माणसं जिथे थांबतात, नेमकी तीच जागा त्यांनी धरली. पुढे जाहिराती मोबाइलकडे वळल्या आणि २०१९ मध्ये स्वीडनमधला हा छापील अंक बंद पडला. केवळ जाहिरातींवर उभ्या असलेल्या पत्राचा पाया किती कच्चा असतो, हेही त्यातून कळलं.

पवनीला याहून जवळचा नमुना अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत सापडतो. येलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन इथे प्रवेशद्वारावर वर्तमानपत्रासारखा मोफत अंक कित्येक वर्षं हातात दिला गेला. नकाशा, हंगामाच्या वेळा, बंद असलेले रस्ते आणि प्राण्यांपासून किती अंतर ठेवायचं, एवढाच त्यातला मजकूर. पुस्तिका एकदा छापली की शिळी होते. वर्तमानपत्रावर तारीख असते, म्हणून पुढच्या अंकात चूक दुरुस्त करता येते.

पान भरायला काय आहे?

पवनीत मजकुराची वानवा नाही. वैनगंगेचे घाट आणि असंख्य देवळं यांमुळे गावाला विदर्भाची काशी म्हणतात. विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी पंचानन, म्हणजेच सर्वतोभद्र गणेश, इथलाच. जवाहर गेटमधून आत शिरलं की आपण किल्ल्याच्या तटबंदीत येतो.

त्याहून जुना वारसा जगन्नाथ टेकडीवर आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठाने १९६९-७० साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केलं आणि मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. कठड्याच्या दगडी खांबांवर ब्राह्मी लेख आहेत. एका शिल्पात पाच फण्यांचा मुचलिंद नाग कोरला आहे आणि शेजारी त्याचं नावही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने चित्राखाली मथळा द्यावा, तसं! हे दोन ओळींत वाचलेला माणूस टेकडीवरचे अवशेष वेगळ्या नजरेने बघतो. वाचलं नसेल तर त्याला तिथे नुसता दगडविटांचा ढीग दिसतो.

जवळच रुयाडचा महास्तूप, थोडं पुढे गोसेखुर्द धरणाचा विस्तार. विणकर वस्तीतल्या मागाचा आवाज, ढीवर बांधवांनी आणलेली नदीतली मासळी, वाटेत भिवापूरची मिरची. मधले चार तास भरायला एवढं पुरेसं आहे.

काय छापू नये

वाघ कुठे दिसला, हे मात्र छापायचं नाही. २०१३ मध्ये नागझिऱ्याहून आलेल्या ‘जय’ वाघाने हे अभयारण्य देशभर गाजवलं आणि एप्रिल २०१६ पासून तो बेपत्ता झाला. ३१ डिसेंबर २०२४ रोजी गोठणगाव भागात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. त्याची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. म्हणून पहिल्या पानावर वाघाच्या फोटोइतकीच ठळक जागा नियमांना हवी.

दुसरं पथ्य जाहिरातीचं. भोजनालयाची जाहिरात घ्यावी, पण ‘कुठे जेवाल’ या यादीत पैसे देणारे आणि न देणारे दोघेही हवेत. यादी विकली गेली असं एकदा पाहुण्याला कळलं की तो बाकीच्या मजकुरावरही विश्वास ठेवत नाही.

हिशोब आणि कायदा

टॅब्लॉइड आकाराची चार पानं म्हणजे साधारण ५६ बाय ४३ सेंटिमीटरचा एक ताव. ४५ ग्रॅमी न्यूजप्रिंटवर त्याचं वजन ११ ग्रॅमच्या आत भरतं. पाच हजार प्रतींना ५५ किलोसुद्धा कागद लागत नाही. खरा खर्च मजकूर, नकाशा आणि वाटपाचा. महिन्याच्या अंकापेक्षा हंगामी अंक परवडेल: एक ऑक्टोबरात अभयारण्य उघडताना, एक थंडीत, एक उन्हाळी सुट्टीआधी. पावसाळ्यात जंगलसफारी बंद, तसा अंकही बंद.

ठरावीक काळाने निघणाऱ्या आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य छापणाऱ्या नियतकालिकाची नोंदणी लागते, अंक फुकट असला तरीही. १८६७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. आता शीर्षक आणि नोंदणीचा अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर एकत्र करता येतो. अंकावर संपादक, प्रकाशक आणि मुद्रकाचं नाव छापायला विसरू नये.

वाटपाच्या जागा आधी ठरवाव्यात, अंक नंतर छापावा. अभयारण्याची गेटं, एसटी स्थानक, गणेश मंदिर, रुयाड, धरणाकडे जाणारे ढाबे आणि नागपूरची काही हॉटेलं. कुठे किती प्रती उरल्या, ते टिपून ठेवावं. उरलेल्या प्रती बघूनच पुढच्या अंकाची संख्या ठरवावी.

पवनीतल्या एखाद्या महाविद्यालयातले पाच-सहा विद्यार्थी, एक जाणता शिक्षक, दहा दुकानदार आणि नगर परिषदेची थोडी साथ मिळाली तर पहिला अंक निघू शकतो. पाहुणा एक जेवण आणि एक साडी पवनीत घेऊन गेला, तरी छपाई वसूल झाली असं समजावं. पवनीकरांनी आणखी कुणाची वाट न बघता हे मनावर घ्यावं.