*कुट्टी मशीनची मोटर बंद पडली? आधी तपासा, मग बदला*



गेल्या आठवड्यात दारणाकाठच्या एका सभासदाचा सकाळी सकाळी फोन आला. "मोटर जळाली. नवी कोणती घेऊ तेवढं सांगा." दावणीला जनावरं, बाहेर मक्याचा ढीग, घाई साहजिक होती. विचारलं, "जळका वास येतोय का?" तर म्हणाले, "नाही, नुसती हुं-हुं करते, फिरत नाही." मोटर चांगली होती, कपॅसिटर गेला होता. नव्या मोटरचा खर्च वाचला.

दुसऱ्या एका ठिकाणी उलट झालं. मोटर खरोखर जळाली होती. घाईत दुसरी आणून बसवली, हॉर्सपॉवर तोच, पण फेरे दुप्पट. मशीन इतकं थरथरलं की पात्याचा बोल्ट सैल झाला. वेळीच बंद केलं म्हणून निभावलं.

म्हणून आजचा संदेश थोडा मोठा आहे. सेव्ह करून ठेवा.

*1) हात लावण्याआधी*

🔴 नुसतं बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच पाडा, किटकॅट काढा आणि *खिशात ठेवा*. घरातल्यांना सांगा, नाहीतर कोणीतरी सहज म्हणून चालू करतं.

🔴 लाईट गेली की कुट्टीचं बटण लगेच बंद करा. साध्या बटणावरच्या मोटरला लाईट आल्यावर आपोआप फिरायला कोणी अडवत नाही. अडकलेला चारा काढायला हात आत असेल तर पातं वाट बघत नाही. याच कारणासाठी कुट्टीला *ऑटो स्विच कधीही लावू नका.*

🔴 कपॅसिटरमध्ये लाईट बंद केल्यावरही करंट साठलेला असतो. दोन वायरी जोडलेला साधा पिवळा बल्ब त्याच्या दोन्ही टोकांना काही क्षण लावा. एलईडी चालत नाही. पेचकस लावून ठिणगी काढायची सवय सोडा.

*2) पट्टा काढा, निम्मं उत्तर मिळेल*

दोष मोटरचा की मशीनचा, हे आधी ठरवा. पट्टा उतरवा आणि दोन्ही हाताने वेगवेगळं फिरवून बघा.

▪️ मशीनचं चाक जड फिरतंय: चारा अडकलाय, पातं घासतंय किंवा मशीनचं बेअरिंग गेलंय. मोटरचा काही दोष नाही.
▪️ मोटरचा शाफ्ट अडकतोय, खरखर करतो किंवा वर-खाली हलतो: मोटरचं बेअरिंग गेलंय. जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तोच मागा.
▪️ दोन्ही मोकळं फिरतंय: आता वीज आणि वायरिंग तपासा.

*3) सिंगल फेज मोटर असेल तर*

*हुं-हुं करते, फिरत नाही:* बहुतेक वेळा कपॅसिटर. तो फुगलाय का, तेल गळतंय का, टोक जळालंय का ते बघा. मल्टिमीटरवर मायक्रोफॅरॅड मोजता येतात. छापलेल्या आकड्यापेक्षा बरंच कमी दाखवलं तर बदला. नवा घेताना मायक्रोफॅरॅड तेवढेच आणि व्होल्ट तेवढे किंवा जास्त, कमी नकोत.

काही मोटरला दोन कपॅसिटर असतात. एक स्टार्टिंगचा, तो सुरुवातीचे काही क्षणच लागतो. दुसरा रनिंगचा, तो मोटर चालू असेपर्यंत लागलेला राहतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. स्टार्टिंगचा कपॅसिटर पुन्हा पुन्हा उडत असेल तर आतला सेंट्रीफ्युगल स्विच चिकटलाय. तो दुरुस्त केल्याशिवाय नवा कपॅसिटर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

⚠️ चाकाला हाताने झटका देऊन मोटर चालू करायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. *पट्टा चढवलेला असताना हे करू नका.* चाक आणि पातं एकच आहे.

*काहीच आवाज नाही:* किटकॅट, स्विच, प्लग, वायरचा जोड बघा. उंदरांनी वायर कुरतडणं गोठ्यात नेहमीचंच.

*चालते पण ओढत नाही, तापते:* पट्टा सैल, पातं बोथट, व्होल्टेज कमी किंवा वायर बारीक. 2 हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर साधारण 10 अँपियर ओढते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. घरापासून गोठ्यापर्यंत बारीक वायर ओढली असेल तर मोटरपर्यंत व्होल्टेज पोचतच नाही. तांब्याची किमान 2.5 चौरस मिलिमीटर वायर हवी, अंतर जास्त असेल तर 4.

*4) थ्री फेज मोटर असेल तर*

सगळ्यात आधी तीनही फेज आहेत का ते बघा. टेस्टर लागला म्हणजे फेज आहे असं समजू नका. मोटर जोडलेली असेल तर गेलेल्या फेजवरही वायंडिंगमधून उलटा करंट येऊन टेस्टर लागतो. मल्टिमीटरने दोन-दोन फेजमध्ये व्होल्टेज मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि 415 च्या आसपास हवेत. चालू लाईटवर मोजायचं हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

▪️ एक फेज गेलाय: मोटर घुमते, सुरू होत नाही. चालू असताना फेज गेला तर ती दोन फेजवर ओढत राहते आणि जळते. फ्यूज तुमचा गेला असेल तर बदला, वरून फेज नसेल तर महावितरणच्या 1912 नंबरवर तक्रार नोंदवा.
▪️ सिंगल फेजच्या वेळेत कपॅसिटर लावून थ्री फेज मोटर दोन फेजवर ओढू नका. आजचं काम होतं, उद्या वायंडिंग जातं.
▪️ ओव्हरलोड रिले सारखा पडतोय: त्याचा आकडा वाढवून ठेवू नका. रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपियरवरच हवा. 3 हॉर्सपॉवरला साधारण 5, 5 हॉर्सपॉवरला साधारण 7 ते 7.5 अँपियर. का पडतोय ते शोधा.

रात्री लाईट आली म्हणून एकट्याने गोठ्यावर किंवा मळ्यात जाऊ नका. दारणाकाठच्या उसात बिबट्या असतो, हे वेगळं सांगायला नको.

*5) वायंडिंग गेलंय हे कसं ओळखायचं?*

▪️ जळका वास, काळं पडलेलं वार्निश.
▪️ थ्री फेजमध्ये तिन्ही वायंडिंगचा रेझिस्टन्स सारखा येत नाही.
▪️ वायंडिंग आणि मोटरची बॉडी यांच्यात मल्टिमीटर जोड दाखवतो. म्हणजे बॉडीत करंट उतरतो. *अशी मोटर एकदाही चालू करू नका.*

पावसाळ्यानंतर मोटर ओली झाली असेल तर 500 व्होल्टच्या मेगरवर तपासून घ्या. 1 मेगाओमपेक्षा कमी आलं तर आधी वाळवा, पुन्हा मोजा. नुसत्या ओलीमुळे चांगली मोटर भंगारात जाते.

*6) रिवाइंडिंग की नवी?*

रिवाइंडिंग करा, जर पहिल्यांदाच जळाली असेल, शाफ्ट आणि बॉडी चांगली असेल आणि मोटर चांगल्या बनावटीची असेल. तांब्याचीच तार सांगा. जुन्या तारेचा गेज आणि वेढे तेवढेच ठेवायला सांगा.

नवी घ्या, जर आधी रिवाइंडिंग झालेलं असेल, आतल्या पत्र्या जळाल्या असतील, शाफ्ट झिजला असेल, पाय तुटला असेल किंवा रिवाइंडिंगचा दर नव्या मोटरच्या निम्म्याच्या वर जात असेल.

पण *का जळाली* हे शोधल्याशिवाय दोन्हीतलं काहीच करू नका. तीच लाईट, तीच बारीक वायर, तेच बोथट पातं राहिलं तर नवीही जळेल.

*7) दुकानात जाताना पाटीचा फोटो न्या*

📷 जुन्या मोटरची पाटी पुसून स्वच्छ फोटो काढा. हे पाच आकडे जुळले पाहिजेत:

*फेज आणि व्होल्ट.* सिंगल की थ्री.

*हॉर्सपॉवर.* किलोवॅट लिहिलं असेल तर 1 हॉर्सपॉवर म्हणजे साधारण 0.75 किलोवॅट.

*फेरे.* सगळ्यात जास्त चूक इथे होते. बाजारात साधारण 1440 आणि 2880 अशा दोन जातीच्या मोटर मिळतात. हिशोब सोपा आहे: मोटरचे फेरे गुणिले मोटरची पुली, भागिले मशीनची पुली. मोटर 1440, तिची पुली 3 इंच, मशीनची पुली 12 इंच असेल तर चाक मिनिटाला 360 फेरे घेतं. तिथे 2880 ची मोटर लावली की तेच चाक 720 वर जातं. वेग दुप्पट, पण पात्याला बाहेर फेकणारा जोर *चौपट*. बोल्ट तुटला तर पातं गोळीसारखं सुटतं. पूर्वी हाताने फिरवायचं आणि नंतर घरीच मोटर जोडलेलं जुनं चाक असेल तर जास्तच जपा. ते या वेगासाठी बनलेलंच नाही.

*फ्रेम.* पाटीवर 90, 100, 112 असा आकडा असतो. पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची तेवढे मिलिमीटर. फ्रेम जुळली की जुन्या बोल्टच्या भोकांवर मोटर सहसा बसते. पाटी गेली असेल तर ही उंची पट्टीने मोजा.

*शाफ्टची जाडी आणि चावी.* 90 फ्रेमला बहुधा 24, तर 100 आणि 112 ला 28 मिलिमीटर. तरी मोजूनच घ्या, नाहीतर पुली बसणार नाही.

आयएसआय मार्क बघा आणि पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय वॉरंटी नाही.

*8) बसवताना*

1. वायरी सोडण्याआधी टर्मिनलचा फोटो काढा.
2. पट्टा पेचकसाने उपसू नका. मोटरचे बोल्ट सैल करा, मोटर पुढे सरकवा, पट्टा आपोआप सुटतो.
3. पुली पुलरने काढा. हातोड्याने ठोकली तर मार बेअरिंगवर जातो.
4. नवी मोटर बसवल्यावर दोन्ही पुलींच्या कडेला एक दोरी ताणून धरा. दोरी सगळीकडे टेकली पाहिजे. फट राहिली तर पट्टा एका बाजूने खाल्ला जातो.
5. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. जास्त ताणला तर बेअरिंग जातं, सैल राहिला तर घसरून जळतो.
6. स्टार की डेल्टा, पाटीवर आहे तसंच जोडा.
7. *अर्थिंगची वायर मोटरच्या बॉडीला स्वतंत्र जोडा.* गोठ्यात जमीन ओली आणि जनावरं लोखंडाला टेकलेली. करंट उतरला तर आधी जनावर जातं, मग सोडवायला धावलेला माणूस.

*9) पहिली चालू*

आधी *पट्टा न चढवता* चालू करा. दिशा बघा. थ्री फेज उलटी फिरली तर लाईट पाडून कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा. सिंगल फेजला झाकणावरच्या आकृतीप्रमाणे बदल करावा लागतो. दिशा बरोबर असेल तर लाईट पाडून पट्टा चढवा, पात्याचे बोल्ट आवळा, *पुली आणि पट्ट्यावरची जाळी परत लावा*, मगच थोडा थोडा चारा टाका. अर्ध्या तासाने क्लॅम्प मीटरने अँपियर मोजून घ्या. पाटीपेक्षा जास्त नकोत.

जाळी "नंतर लावू" म्हणून कोपऱ्यात पडलेली असते आणि ओढणीचा पदर, बाहीचं टोक पट्ट्यात जायला एक क्षण पुरतो. कुट्टीवर बहुतेक घरात बाया आणि पोरं काम करतात. हा संदेश त्यांनाही वाचून दाखवा.

काही अडलं तर मोटरच्या पाटीचा फोटो आणि आवाजाचा छोटा व्हिडिओ कंपनीच्या नंबरवर पाठवा. वायंडिंग आणि मेन लाईनचं काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

जनावरं एक दिवस लांब कडबा खातील, काही बिघडत नाही. घाई करू नका.

आपली,
शेतकरी उत्पादक कंपनी, नाशिक रोड