अंधारखोली : आधी माठ, मग डेव्हलपर

गेल्या आठवड्यात रोडिनलची बाटली उघडतो म्हणालो होतो. ती आज राहू द्या. वर्ध्याच्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्याने मला माझ्या लाडक्या विषयाकडे ओढलंय: पाणी.

हे गृहस्थ एचपी-५ चे रोल घरीच आयडी-११ मध्ये धुतात. जानेवारीतले रोल सुरेख निघाले. मे महिन्यातले मात्र काळेकुट्ट, आभाळ प्रिंटमध्ये उतरेना, दाणे ठसठशीत. बारीक दाण्याचा दुसरा कुठला डेव्हलपर घेऊ, असं ते विचारतात.

इतक्यात काहीच घेऊ नका. बाटली तीच असली तरी मेमध्ये तुमचा डेव्हलपर बदललेलाच आहे.

आयडी-११ म्हणजे कोडॅकच्या डी-७६ चं सख्खं भावंड. १९२७ मध्ये सिनेमाच्या फिल्मसाठी पुढे आलेलं हे सूत्र: लिटरमागे मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. एचपी-५ साठी त्याची वेळ २० अंशांना साडेसात मिनिटं. पाणी एक अंशाने चढलं की वेळ साधारण दहा टक्क्यांनी घटवायची. म्हणजे २४ अंशांना ५ मिनिटं आणि ३० ला तीनच्याही आत. ५ मिनिटांच्या खाली माझा भरवसा नाही. टाकीत द्रावण ओतायचे दहा-पंधरा सेकंदही तिथे महाग पडतात आणि आभाळात पट्टे उमटतात. शिवाय मेटॉल आणि हायड्रोक्विनोन उष्णता सारखी सोसत नाहीत. गार पाण्यात हायड्रोक्विनोन जवळजवळ निजतो, ऊन पाण्यात तो जास्त जोर धरतो. आता गच्चीवरच्या टाकीतलं नवतप्यातलं पाणी आठवा.

म्हणून माझ्या अंधारखोलीत थर्मामीटरच्या शेजारी माठ असतो. नागपूरचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे माठ जोरात झिरपतो आणि पाणी चांगलं गार होतं. डेव्हलपरची बाटली, हायपोची बाटली आणि स्टॉप बाथ, तिन्ही माठाच्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात तासभर ठेवा. लोक मेला घाबरतात, मला जुलै अवघड वाटतो. हवाच ओली असली की माठाचं पाणी वाळणार कुठे? तेव्हा घमेल्यात बर्फ लागतो.

खरी चूक होते ती शेवटी. सगळं २२ अंशांवर सांभाळायचं आणि फिल्म नळाच्या गरम पाण्याखाली धरायची! अशा झटक्याने जिलेटिनवर जाळी पडू शकते. त्यापेक्षा इलफर्डची रीत बरी: टाकी माठाच्या पाण्याने भरा आणि ५ वेळा उलटीपालटी करून ओता. पुन्हा भरून १० वेळा, तिसऱ्यांदा २० वेळा. पाणी वाचतं आणि तापमानही राखता येतं.

एवढं करूनही पाणी २४ च्या खाली येत नसेल, तर आयडी-११ समभाग पाण्यात मिसळून वापरा. २० अंशांची वेळ १३ मिनिटांवर जाते, म्हणून २४ लाही साडेआठ मिनिटं हातात राहतात. द्रावण एकदा वापरून ओतून द्यायचं.

मग डेव्हलपर बदलायचाच नाही का? बदलायचा, पण उजेडासाठी. वैशाखातल्या दुपारी पांढरी भिंत आणि तिच्या सावलीतला माणूस एकाच फ्रेममध्ये धरायचा असेल, तर १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेलं डी-२३ घरी बनवा: लिटरमागे मेटॉल साडेसात ग्रॅम, सल्फाइट १०० ग्रॅम, बस. हायड्रोक्विनोन नाहीच. भिंत मऊ उतरते, चेहरा सावलीत बुडत नाही. वेळ डी-७६ पेक्षा थोडी जास्त धरा. पाणी ५० अंशांपर्यंत तापवा, चिमूटभर सल्फाइट टाका, मग मेटॉल पूर्ण विरघळवा आणि उरलेलं सल्फाइट शेवटी घाला. सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळत नाही. हातमोजे घालाच, मेटॉलने अनेकांच्या हातांना खाज आणि पुरळ येते.

वर्धेकरांनी आधी एकच रोल समभाग द्रावणात, थर्मामीटर बघून धुवावा. त्याच्या शेजारी जानेवारीची निगेटिव्ह धरून पाहावी आणि काय दिसलं ते मला कळवावं. त्यांचं उत्तर आलं की रोडिनल.