ताटाकडून शास्त्राकडे : उपवासकाळाची साठ वर्षे

राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंतचे दिवस, रविवार वगळून, बरोबर चाळीस भरतात. वसई पट्ट्यातल्या कॅथलिक गावांत या काळात लग्नं काढत नाहीत, शुक्रवारी मटण-कोंबडी शिजत नाही आणि चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं भक्तिभावाने केली जातात. वरवर पाहता सारं पूर्वापार चालत आल्यासारखं वाटतं. पण गेल्या साठ वर्षांत या काळाचा गाभा बदलला आहे. पूर्वी त्याचा भर ताटातल्या वर्ज्य-अवर्ज्यावर असे, आता तो शास्त्रवाचनावर आला आहे. हा बदल कसा घडला आणि आपण तो कितपत पचवला, हे तपासून पाहायला हवं.

१९१७ च्या धर्मसंहितेनुसार रविवार सोडून उपवासकाळातल्या जवळजवळ प्रत्येक दिवशी एकच पोटभर जेवण घ्यायचं असे. ठिकठिकाणी सवलती होत्या, तरी नियमाचा धाक मोठा होता. मिस्सा लॅटिनमध्ये होई. भाविक गुडघे टेकून जपमाळ ओढत बसत. वेदीवर वाचलं जाणारं शास्त्र बहुतेकांच्या कानांवरून जाई, पण मनात पोचत नसे. त्या पिढीची श्रद्धा पातळ होती असं मुळीच नाही. शरीराला लावलेली ती शिस्त पुष्कळांना आयुष्यभर पुरली. मात्र ज्या वचनासाठी ही शिस्त, ते वचनच दूर राहिलं.

खरं तर आपल्या भाषेत ते वचन फार पूर्वीच आलं होतं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापून निघालं. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ सासष्टीच्या चर्चमध्ये लोकांना वाचून दाखवला जाई. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं आणि ती परंपरा क्षीण होत गेली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दार पुन्हा उघडलं. १९६३ मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला वाट मिळाली. १९६५ मध्ये ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजाने शास्त्रग्रंथ सर्व भाविकांना सहज उपलब्ध असावा, असा आग्रह धरला. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी सक्तीचे उपवास राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवसांपुरते आणले. १९६९ च्या नव्या वाचनसंग्रहामुळे रविवारची शुभवर्तमाने तीन वर्षांच्या चक्रात वाचली जाऊ लागली आणि जुन्या कराराला रविवारी नियमित जागा मिळाली. कपाळावर राख लावतानाही फरक दिसतो. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली ती राख लावताना पूर्वी माणूस मातीचा आहे आणि मातीलाच मिळणार आहे, एवढंच सांगितलं जाई. आता त्याऐवजी मार्कच्या पहिल्या अध्यायातली हाकही देता येते : मन बदला, सुवार्तेवर विश्वास ठेवा.

या वाचनांचा क्रम मन लावून ऐकण्यासारखा आहे. राखेच्या बुधवारनंतर दोनच दिवसांनी, शुक्रवारी, यशयाचा ५८ वा अध्याय येतो. उपवास करूनही देव ऐकत का नाही, अशी लोकांची तक्रार आहे. संदेष्टा उलट विचारतो : उपवासाच्याच दिवशी तुम्ही मजुरांना राबवता, भांडणं करता, हा कसला उपवास? अन्यायाच्या बेड्या तोडा, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या, बेघराला घरात घ्या. काळ सुरू होताच शास्त्र आपल्या उपवासाचीच झडती घेतं. पुढे ‘अ’ वर्षाच्या तिसऱ्या रविवारी योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्री भेटते. भर दुपारी ती एकटी विहिरीवर येते. येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी बोलतो, तिला कमी लेखत नाही. आणि ती घागर तिथेच टाकून गावात धावते. आध्यात्मिक नूतनीकरण म्हणजे काय, हे ती घागर सांगून जाते : ज्यासाठी घरातून निघालो, त्याहून मोठं काही हाती लागलं.

वसईत या वचनाला हातपायही फुटले. ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन करणाऱ्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या लढ्यात पाणी, शेती आणि झाडांसाठी लोकांना उभं केलं आणि ‘सुबोध बायबल’ लिहून शास्त्र सर्वसामान्य मराठी वाचकांपर्यंत नेलं. एकाच माणसाने ही दोन्ही कामं करावीत, यात मला यशयाचं उत्तर दिसतं. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. तो ग्रंथ मात्र आपल्यापाशी आहे.

२०२० चा उपवासकाळ आपली परीक्षा घेऊन गेला. टाळेबंदीत चर्च बंद झाली. २७ मार्चला पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात उभे राहिले आणि मार्कमधल्या वादळाच्या प्रसंगावर बोलले. मिस्साविना राहिलेल्या कुटुंबांना घरातलं बायबल उघडण्यावाचून पर्याय उरला नव्हता. कित्येक घरांत ते प्रथमच मोठ्याने वाचलं गेलं. चर्च उघडली, तशी ती सवय अनेक ठिकाणी पुन्हा सुटली, हेही खरं.

साठ वर्षांचा हिशेब मांडला तर माझं मत असं : नियम सैल झाले, पण त्या मोकळ्या जागेत वचन भरायचं काम अर्धंच झालं आहे. मांसाहार टाळणं सोपं असतं. वचनाने आपल्याला टोकलं तरी ते ऐकत राहणं कठीण. म्हणून येत्या उपवासकाळात शुक्रवारच्या सुक्या मासळीच्या जेवणाआधी घरातल्या सर्वांनी मिळून त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचावं. वाचणाऱ्याने घाई करू नये, आणि ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाने त्यातली एक तरी गोष्ट त्या आठवड्यात करून पाहावी.