अँट-मॅन भिजला तर?

आगगाडी भरधाव येतेय. रुळांवर दोघंजण जिवाच्या आकांतानं झुंजताहेत. संगीत टिपेला पोचलंय, इंजिन धडधडत अंगावर येतंय, आता काय होणार म्हणून आपण खुर्चीत पुढे सरकतो... आणि कॅमेरा एकदम मागे जातो. समोर दिसते एका लहान मुलीची खोली. फरशीवर खेळण्यातलं निळं इंजिन 'टक्' असा बारीक आवाज करून कलंडतं. बस्स, एवढंच!

हा प्रसंग आहे 2015 मध्ये आलेल्या 'अँट-मॅन' या सिनेमातला. दिग्दर्शक पेटन रीड, आणि मुंगीएवढा होणारा स्कॉट लँग झालाय पॉल रड. अँट-मॅन जन्मला मात्र कॉमिकमध्ये, 1962 साली. 'टेल्स टू अ‍ॅस्टॉनिश' नावाच्या अमेरिकन मासिकात हँक पिम हा शास्त्रज्ञ स्वतःला लहान करून बसला आणि थेट मुंग्यांच्या वारुळात जाऊन पडला. सिनेमात हाच पिम म्हातारा झालाय आणि आपला पोशाख स्कॉटला देतो.

बऱ्याच सुपरहिरोंच्या सिनेमांत शेवटी एखादं शहर, नाहीतर अख्खी पृथ्वीच पणाला लागते. इमारती कोसळत असतात, आपण श्वास रोखून बघत असतो. तिथे 'असं खरंच होईल का?' हे विचारायला सवड कुठली? 'अँट-मॅन'ची शेवटची मारामारी एका पोरीच्या खेळण्यांमध्ये होते. आपण हसतो, डोकं मोकळं राहतं आणि मग प्रश्न सुचायला लागतात. मला हे हलकेफुलके सुपरहिरो म्हणूनच फार आवडतात.

चला तर, पहिला प्रश्न. माणूस मुंगीएवढा झाला तर त्याच्या ताकदीचं काय होईल?

रुबिक क्यूब हातात घ्या. एका कडेला 3 तुकडे. एका बाजूवर 9. आणि आतली न दिसणारी जागा धरून अख्ख्या क्यूबमध्ये 27. म्हणजे लांबी तिप्पट झाली की पृष्ठभाग नऊपट होतो, पण आतला ऐवज सत्तावीसपट! उलटं केलं तरी तेच. आकार घटवला की वजन पृष्ठभागापेक्षा कितीतरी जास्त घटतं. गॅलिलिओनं 1638 सालच्या पुस्तकात हे मांडलं होतं.

आता 180 सेंटिमीटर उंचीच्या आणि 80 किलो वजनाच्या माणसाला शंभरपट लहान करू. उंची उरली 1.8 सेंटिमीटर. वजन शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा लाख पटींनी घटलं. उरलं फक्त 80 मिलिग्रॅम! पण स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. ती घटली दहा हजार पट. म्हणजे वजनाच्या मानानं आपला माणूस आधीपेक्षा शंभरपट बलवान झाला. मुंगी स्वतःपेक्षा कितीतरी जड दाणा उचलून नेते, त्याचं मोठं कारण हेच. ती लहान आहे!

मग अँट-मॅनची मजाच की! थांबा, त्याला आधी आंघोळ करू द्या.

स्कॉट पहिल्यांदा लहान होतो तो बाथटबमध्येच. वरून पाणी सुटतं आणि त्याच्या अंगावर प्रचंड लाट येते. प्रसंग झकास आहे, पण खरा धोका लाटेचा नाही, थेंबाचा आहे. जे. बी. एस. हाल्डेन नावाचे थोर जीवशास्त्रज्ञ होते. ते ब्रिटिश, पण 1957 मध्ये भारतात राहायला आले, इथले नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. प्राण्यांच्या आकारावर त्यांचा 1926 सालचा एक सुंदर निबंध आहे. आंघोळ करून आलेल्या माणसाच्या अंगावर जेमतेम अर्धा किलो पाणी चिकटलेलं असतं, पण भिजलेल्या उंदराला जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढं पाणी वागवावं लागतं, आणि माशीला त्याहून कितीतरी जास्त, असा हिशेब त्यात आहे. तोच हिशेब मी स्कॉटला लावून पाहिला. 80 मिलिग्रॅमच्या स्कॉटच्या अंगावर साधारण 50 मिलिग्रॅम पाणी! ते ओझं तो पेलेल, ताकद आहे त्याच्यात. पण एवढ्या लहान चेहऱ्यावर बसलेला थेंब घरंगळत नाही, नाकातोंडाला चिकटूनच राहतो. हेल्मेट होतं म्हणून निभावलं.

आणि थंडी? लहान शरीरातली उष्णता भराभर निघून जाते. ती भरून काढायला स्कॉटला दिवसभर खातच राहावं लागलं असतं.

पिम मात्र वेगळंच सांगतो. अणूंमधलं अंतर कमी केलं की माणूस लहान होतो, असं त्याचं म्हणणं. म्हणजे अणू तेवढेच, वजनही पुरतं 80 किलो! स्कॉटचा ठोसा भल्याभल्यांना आडवं करतो ते यामुळेच म्हणायचं. पण मग तोच स्कॉट पंखवाल्या मुंगीवर बसून उडतो कसा? बिचारी अँथनी जागच्या जागी चिरडली असती. हो, त्या मुंगीचं नाव त्यानं अँथनी ठेवलंय, आणि तिच्यावर त्याचा इतका जीव आहे की आपलाही जडतो. ती सुतार मुंगी. आपल्याकडे झाडाच्या बुंध्यावर फिरणारा मोठा काळा मुंगळा त्याच जातकुळीतला. कामकरी मुंग्यांना पंख नसतात हं, ते फक्त राणीला आणि नरांना. आगमुंग्या एकमेकींना धरून पाण्यावर तराफा करतात, तो सिनेमातला भाग मात्र शंभर टक्के खरा. पुरात त्या तशाच तरंगत जीव वाचवतात.

शेवटी एक मुंगी कुत्र्याएवढी होते आणि घरातच राहते. हे बघून मला तशी एक पाळावीशी वाटली! पण गणित आडवं येतं. मुंगी शंभरपट मोठी झाली तर वजन दहा लाख पट आणि पायांची ताकद फक्त दहा हजार पट. ती उभीच राहू शकणार नाही. शिवाय मुंगीला फुप्फुसं नसतात. अंगावरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते, आणि एवढ्या मोठ्या देहात ती खोलवर पुरेशी पोचणारच नाही.

आता तुमची पाळी. 2018 मधल्या 'अँट-मॅन अँड द वॉस्प'मध्ये पिम आपली अख्खी प्रयोगशाळा, इमारतीसकट, सुटकेसएवढी करतो आणि चाकांवरून ओढत नेतो. अणू तेवढेच राहिले असतील तर ती सुटकेस किती जड असेल? तिच्याखालच्या रस्त्याचं काय होईल? तुमच्या शाळेची इमारत घेऊन हिशेब मांडा आणि उत्तर आकडेमोडीसकट आम्हाला पाठवा.