जप्ती झाली, पण मालक कोण?

लातूर जिल्ह्यातल्या जळकोटकडच्या एखाद्या गावात ‘त्याच्या रानावर जप्ती आली’ असं कानावर पडलं, की ऐकणारा धरून चालतो: रान गेलं. कायदा उघडून पाहिला की मात्र थक्क व्हायला होतं. दिवाणी न्यायालयाच्या जप्तीनं मालकी जातच नाही!

१९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू. त्या उर्दूत ‘जप्ती’चं मूळ असलेला ‘जब्त’ म्हणजे मनावरचा ताबाही. मूळ अरबी अर्थ घट्ट धरून ठेवण्याचा.

दिवाणी जप्ती नेमकं तेच करते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार जप्त जमीन विकायला किंवा गहाण टाकायला मनाई होते. तो हुकूम जागेवर दवंडी पिटून जाहीर करायचा आणि न्यायालयाच्या इमारतीवर डकवायचा. हुकूमनाम्याची रक्कम भरली, की जप्ती उठते. मालकी बदलते ती लिलाव होऊन तो कायम झाल्यावरच.

याहून नवल कलम ६० चं. ऋणकोच्या आणि त्याच्या बायकामुलांच्या नेसत्या कपड्यांना, स्वयंपाकाच्या भांड्यांना, अंथरुणाला हात लावता येत नाही. धर्मरूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत, ते दागिनेही सुरक्षित. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं, तो राहतो ते घर आणि पोटापाण्यासाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील तेवढी गुरं नि बियाणं यांनाही संरक्षण आहे. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत बेलिफाला राहत्या घरात शिरता येत नाही. देणं वसूल व्हावं, पण माणूस पुढच्या मिरगाला पेरता राहावा, ही केवढी मोठी समज!

हाच शब्द इतरत्र वेगळा वागतो. पोलिसांनी पंचनामा करून मोटारसायकल जप्त केली, तर तेवढ्यानं ताबा जातो, मालकी नाही. विधानसभेला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं न मिळालेल्या पराभूत उमेदवाराची अनामत जप्त होते, ती मात्र कायमची सरकारजमा.

म्हणून जप्तीचा कागद आला तर हाय खाऊ नका. हुकूम कुणाचा, कोणत्या कायद्याखाली, किती रकमेसाठी, हे आधी वाचा आणि लगेच वकील गाठा. तारण दिलेल्या मालमत्तेला कलम ६० ची ढाल मिळेलच असं नाही. तिथं तर एक दिवसही दवडू नका.